न झालेल्या जिल्ह्याचा सर्व्हर

मशीन हळू चालतंय. ह्या तीन शब्दांवर माझं घर चाललं. नांदेडचे डॉक्टर हे म्हणायचे, लातूरचे अडते म्हणायचे, लोह्याचा एक जिनिंगवाला तर आधी शिवी घालायचा आणि मग म्हणायचा. पण इतक्या वर्षांत ‘मशीन हळू चालतंय, आमच्याकडून काही चुकलं असेल का हो?’ असं विचारणारा माईचा लाल मला एकही भेटला नाही. गाडी पंक्चर झाली तर माणूस निदान खिळा कुठे घुसला ते बघतो. कॉम्प्युटर अडकला की सगळे एकदम निर्दोष!

माझं काम सर्व्हरचं. नांदेडात एका छोट्या कंपनीत होतो, नांदेड आणि लातूर दोन्हीकडची गिऱ्हाइकं माझ्याच गळ्यात. आता ते सोडलं, कंधारला घरी असतो. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हणून संपादकांनी गळ घातली, वर “जरा गोड लिहा” असंही सांगितलं. ज्यांना गोड पाहिजे त्यांनी फराळाच्या डब्याकडे जावं. माझ्याकडे ते नाही.

बाहेरच्या माणसासाठी आधी धंदा समजावून सांगतो. पूर्वी एका कामाला एक कॉम्प्युटर लागायचा. मग अशी सोय निघाली की एकच दणकट मशीन घ्यायचं, त्याला सर्व्हर म्हणायचं, आणि त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं दहा-बारा कॉम्प्युटर तयार करायचे. हे पोटातले कॉम्प्युटर हाताला लागत नाहीत, पण काम खऱ्यासारखंच करतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आम्ही आपले ‘व्हीएम’ म्हणायचो. सर्व्हरमध्ये आकडेमोड करणारे भाग असतात, ते कोर. काम करताना माहिती हाताशी ठेवायची जागा, ती मेमरी. दोन्ही मोजकंच असतं आणि सगळ्या व्हीएमना त्यातच भागवावं लागतं. पण गंमत अशी की स्क्रीनवर तुम्ही कोणत्याही व्हीएमच्या नावानं कितीही कोर लिहून देऊ शकता. सर्व्हर नाही म्हणत नाही. आणि फुकट वाटायला मिळालं की आमचा माणूस लगेच कर्णाचा अवतार होतो.

नांदेडचे एक डॉक्टर होते. व्हीएममध्ये काही बदल करायचा असला की आधी तिचा स्नॅपशॉट घेतात, म्हणजे काही बिघडलं तर मागं फिरता येतं. काम झालं की तो पुसून टाकायचा असतो. कारण तो असेपर्यंत जुनं सगळं गोठवलेलं राहतं आणि नवं दुसरीकडे लिहिलं जातं. एका पेशंटचं नाव शोधायचं तर मशीन दोन्हीकडे धुंडाळत बसतं. डॉक्टरांनी एकावर एक असे स्नॅपशॉट साठवून ठेवलेले, लग्नाचे अल्बम ठेवावेत तसे. पुसू का म्हटलं, तर म्हणाले, “राहू द्या हो, जुनं आहे, असू द्यावं.” मी विचारलं, “डॉक्टर, ऑपरेशन झाल्यावर टाके काढता की जुने आहेत म्हणून असू देता?” तेव्हा कुठे पुसू दिले.

लोह्याच्या जिनिंगवाल्यानं दसऱ्याला सर्व्हरची पूजा केली. करू दे बापडा. पण झेंडूचा हा जाडजूड हार त्यानं समोरच्या जाळीवरच घातला, आणि सर्व्हर हवा आत घेतो तो त्याच जाळीतून. मशीन तापलं, आणि तापलेलं मशीन जीव वाचवायला आपणच वेग कमी करतं. मी हार काढला. थोड्या वेळानं सगळं सुरळीत झालं. शेठ मला म्हणतो, “बघितलं का? पूजेचं फळ उशिरा मिळतं, पण मिळतं!” बिलाबरोबर त्याला हारही परत दिला.

ह्या सगळ्यावर मी हसतो. पण एक काम असं झालं की त्याची आठवण आली की आजही माझं डोकं फिरतं. ते लातूरचं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. नळ कोरडे, बोअर कोरडे, पाहुणा आला तर आधी तांब्याकडे बघायचं आणि मग त्याच्याकडे. गावोगाव टँकर जायचे. त्यांचं नियोजन बघणारी एक संस्था होती. नाव कशाला सांगू, माणसं अजून जिवंत आहेत. टँकरवाल्यानं संस्थेच्या खिडकीवरून खेपेचा पास घ्यायचा, तो भरण्याच्या ठिकाणी दाखवायचा, मग पाणी. पास नाही तर थेंब नाही. आणि पास निघायचा एकाच कॉम्प्युटरवर.

त्या खिडकीत सुजाता कांबळे बसायची. कंत्राटावरची ऑपरेटर. माहेर मुखेडचं, सासर लातूरकडच्याच एका वाळून गेलेल्या खेड्यात. नवरा सेंट्रिंगच्या कामाला बाहेर, दोन लेकरं आणि सासू गावात, आणि ही रोज एसटीनं ये-जा करणार. तिच्या पगारावर ते घर उभं होतं.

मला बोलावलं ते संस्थेच्या प्रमुखांनी. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मीही इथं तेच म्हणतो. फोनवर त्यांचं वाक्य असं: “सोनकांबळे, टँकर लई उशिरा सुटायलेत. मशीन हळू हाय का बाई हळू हाय, तेवढं येऊन सांगा. मला तर बाईच वाटायली.”

मी गेलो तेव्हा खिडकीबाहेर ड्रायव्हर लोकांची झुंबड. एकजण ओरडत होता, “ओ बाई, हात हायेत का लाकडं? ऊन बघा, ऊन!” आत सुजाता बसलेली. गावाचं नाव टाकलं, बटण दाबलं आणि स्क्रीनवर चाक फिरायला लागलं. ती हात मांडीवर ठेवून बघत बसली. दुसरं करणार काय?

“दादा,” ती मला म्हणाली, “माझं काम म्हणजे बटण दाबायचं, ते मी दाबायले. पुढचं माझ्या हातात हाय का? पण साहेब म्हणतेत तुझाच हात चालत न्हाई. सोमवारपास्नं दुसरा माणूस आणतो म्हणालेत. काम गेलं तर मी लेकरांचं काय करू?”

“ताई, मी बघतो,” मी म्हटलं.

सर्व्हर उघडून बघितला आणि कपाळावर हात मारला.

त्या दिवसांत नव्या जिल्ह्याची हवा होती. लातूरचा तुकडा पाडून नवा जिल्हा होणार, अशी चर्चा पानटपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत. तसं कुठंही ठरलेलं नव्हतं. पण साहेबांनी मनात पक्कं केलं होतं की जिल्हा होणार, त्यात संस्थेची वेगळी शाखा होणार, आणि तिचे सर्वेसर्वा आपण होणार. बाजारात तुरी, आणि इथं वरणाला फोडणी देऊन मोकळे! ह्या न झालेल्या जिल्ह्यासाठी त्यांनी सर्व्हरमध्ये व्हीएम तयार करवून घेतल्या होत्या. प्रमुखांची एक, लेखा विभागाची एक, आस्थापनेची एक, भांडाराची एक. भांडार नव्हतं, पण भांडाराचं मशीन होतं.

आणि वाटप कसं? दर्जाप्रमाणे. साहेबांना सोळा कोर, लेखाप्रमुखांना आठ, त्यांच्या खालच्याला सहा. कोणत्या कामाला किती लागतात हे कुणी विचारलंच नाही, कोणाचा हुद्दा केवढा एवढंच बघितलं. खुर्चीवर टॉवेल टाकतात ना, तसे कोर टाकले होते. प्रत्येकाच्या केबिनमध्ये भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर नव्या जिल्ह्याचा गुलाबी नकाशा, नकाशावर सारखे हलणारे टँकर. बघणारं कुणी नाही. पण तो नकाशा हलता ठेवायला दिवसभर सगळे कोर राबत होते.

सुजाताची व्हीएम, जिच्यावर खरं पाणी अवलंबून होतं, तिला दोन कोर. तेही चाललं असतं. पण व्हीएमना प्राधान्यही देता येतं. ओढाताण झाली की सर्व्हर वरच्या प्राधान्याला आधी देतो आणि मेमरी कमी पडली की खालच्याकडून काढून घेतो. साहेबांच्या व्हीएमला सगळ्यात वरचं. कंत्राटी बाईच्या व्हीएमला सगळ्यात खालचं. तिची मेमरी काढून घेऊन नकाशाला दिलेली! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

आमच्याकडे एक आकडा बघतात. व्हीएमकडे काम आहे, ती करायला तयार आहे, पण कोर मोकळा नाही म्हणून ती किती वेळ नुसती थांबली, तो हा आकडा. सुजाताच्या व्हीएमचा आकडा बघून मला लाज वाटली. बाई बटण दाबत होती आणि तिचं मशीन बहुतेक वेळ नुसतं थांबून होतं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते नकाशाकडे बघत बसले होते. नकाशाही अडखळत होता.

“बघा सोनकांबळे,” साहेब म्हणाले, “माझंबी अडकायलंय. मला आणखी आठ कोर टाका.”

“साहेब, जास्त दिले म्हणूनच अडकतंय,” मी म्हटलं. “पंगतीचं घ्या. एकटा माणूस आला तर एक ताट रिकामं झालं की बसतो. पण सोळा जणांचा जथा आला आणि म्हणाला, आम्ही सगळे शेजारी शेजारी आणि एकदमच बसणार, तर काय होतं? ते दारातच उभे राहतात. आणि बसले की बाकीच्या गावाला उठवावं लागतं. तुमच्या नकाशाला चार कोर रग्गड झाले. खिडकीच्या मशीनचं प्राधान्य वर करू द्या. दुपारच्या आत टँकर मोकळे होतात की नाही बघा.”

साहेबांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या जमिनीवर आरक्षण टाकलंय.

“म्हणजे लेखावाल्याला आठ अन् मला चार? अन् वर ती बाई? उद्या जिल्हा झाल्यावर लोक काय म्हणतील?”

“जिल्हा झाल्यावर बघू की साहेब. आत्ता टँकर अडलेत.”

“टँकर बाईमुळं अडलेत. तुम्ही मशीनवाले, मशीन बघा. सोमवारी माझ्या साडूचा पुतण्या येणार हाय त्या खिडकीत. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला हाय. हात असा चालतो पोराचा!”

आता मला खरा रोग कळला. बाई हळू आहे हे आधीच ठरलं होतं, माझ्या सहीची तेवढी गरज होती. साडूचा पुतण्या बसवायचा तर खुर्ची रिकामी व्हायला पाहिजे ना!

पण मीही कंधारचा. म्हटलं, ह्यांना पुरावाच दाखवू, तोही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सरळ सांगून जमत नव्हतं, म्हणून मी सूर बदलला. “बरं साहेब, तुमचं मशीन मोठंच करू. पण त्यासाठी नव्या जिल्ह्याची सगळी मशीनं शनिवारी बंद ठेवावी लागतील. सोमवारी चालू करून देतो, कोर वाढवून.”

“हाव, हाव, करा की!” साहेब एकदम खूश. “सोमवारी नारळ फोडूनच चालू करू.”

शनिवारी मी न झालेल्या जिल्ह्याची एकूण एक व्हीएम बंद केली. भिंतीवरचे टीव्ही काळे झाले. कोणत्याही केबिनमधून कुणी विचारायलासुद्धा आलं नाही, म्हणजे बघा केवढी गरज होती त्यांची! सुजाताच्या व्हीएमला तिची मेमरी परत मिळाली. तिनं गावाचं नाव टाकलं, बटण दाबलं, आणि पास बाहेर. तिनं माझ्याकडे बघितलं, पुन्हा नाव टाकलं, पुन्हा पास बाहेर.

“अगं बाई! दादा, काय केलं हो?”

“काही नाही. ज्यांचं काम नाही त्यांना झोपवलं.”

ड्रायव्हर नाव सांगतोय तोवर पास त्याच्या हातात. ऊन चढायच्या आत खिडकीसमोरचं अंगण रिकामं झालं. परवा तिला लाकडाच्या हाताची म्हणणारा तो ड्रायव्हर शेवटी पास घेताना म्हणाला, “आक्का, आज लई बरं झालं. दुसरी खेप मारतो आता.” सुजाता हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

मला वाटलं, जिंकलो. इतका शहाणा माणूस मी, पण साहेब लोक ओळखण्यात कच्चाच राहिलो.

साहेबांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. व्हीएम किती थांबली ते आकडे दाखवायला मी लॅपटॉप उघडूनच गेलो.

“कांबळे,” साहेब म्हणाले, “आज पास कसे काय भराभर निघाले?”

“आज मशीन पळालं सर.”

“मशीन! खुर्ची जाती म्हणल्याबरुबर हात कसा पळाला बघा! म्हणजे येत होतं तुला सगळं. इतके दिवस मुद्दाम करायली होतीस. माणसं पाण्यावाचून तडफडायलीत अन् तू मजा बघत होतीस?”

हळू असण्याचा आरोप सुजातानं कसातरी सोसला होता. हा नवीन होता, आणि तो तिच्या चांगल्या कामातूनच काढला होता.

“सर, माझ्या गावालाबी तोच टँकर जातो,” ती एवढंच म्हणाली. “मी माझ्या लेकरांचं पाणी अडवून धरीन का?”

मी लॅपटॉप साहेबांच्या पुढे सरकवला. “साहेब, मशीन तेच, बाई तीच. फक्त तुमचे नकाशे बंद होते. हा कालचा आकडा, हा आजचा. शेंबड्या पोरालाही कळेल.”

त्यांनी स्क्रीनकडे बघितलंही नाही. खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, “कांबळे काय अन् सोनकांबळे काय. तुमची लोकं तुमच्या लोकांला सांभाळूनच घेणार. मालूम हाय आम्हाला.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. शाळेपासून हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडांतून ऐकत आलो आहे. मी रोगाचं नाव सांगितलं होतं, आकड्यानिशी, आणि त्यांनी त्याला माझी जात उत्तर म्हणून दिली. मी म्हटलं, “साहेब, आकड्याला जात नसते. तुमच्या डोक्यात आहे तेवढीच.” त्यांनी बेल वाजवून चहा मागवला, एकच कप.

सुजातानं खिडकीतून तिची डब्याची पिशवी उचलली. मी तिच्या मागं बसस्टँडपर्यंत गेलो. बस लागल्यावर ती म्हणाली, “दादा, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यामुळं आज एक दिस तरी शिव्या न्हाई खाल्ल्या.” मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सोमवारी नारळ फुटला. गुलाबी नकाशे पुन्हा हलायला लागले, साहेबांच्या हुकमाप्रमाणे त्यांचे कोर वाढवून. मी लेखी दिलं की ह्यानं खिडकीचं मशीन बसेल. कोण वाचतो! साडूचा पुतण्या नवा शर्ट घालून खिडकीत बसला, कपाळाला कुंकू लावलेलं. त्यानं पहिल्या गावाचं नाव टाकलं, बटण दाबलं आणि चाक फिरायला लागलं. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा चाक. बाहेर ड्रायव्हर जमायला लागले, मग ओरडायला लागले. पोराच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलं.

साहेब बाहेर आले. मी भिंतीला टेकून उभा होतो, आता काय म्हणतात ते ऐकायला. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाले, “राहू दे रे, तुझा काय दोष? मशीनच डबडं हाय.” बाईच्या वेळी बाईला नाचता येत नव्हतं, पुतण्याच्या वेळी अंगण वाकडं झालं!

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सोनकांबळे, नवा सर्व्हर सांगा चांगला मोठा. तुम्ही म्हणत होता ते खरं हाय, बाई न्हाई, मशीनच हळू हाय.”

“मग तिला परत बोलवा,” मी म्हटलं.

“आता जागा कुठं हाय?” साहेब म्हणाले आणि आत निघून गेले.

मी अंगणात आलो आणि सुजाताला फोन लावला. तिला हे सांगायचंच होतं, की साहेबांनी आज स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत. तुझा हात हळू नव्हता. मी भराभर सगळं सांगितलं. पलीकडे बायकांचा कालवा ऐकू येत होता, भांड्यांचे आवाज येत होते.

“ते राहू द्या दादा,” ती म्हणाली. “तुम्ही खिडकीपाशी हाव का? मी सकाळपास्नं घागरी घेऊन लाईनीत हाय, लेकरंबी हायेत संगं. आमच्या गावचा पास निघाला का तेवढं बघा.”

मी खिडकीकडे बघितलं. पोरगं दोन्ही हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसलं होतं.

“न्हाई ताई,” मी म्हटलं. “न्हाई निघाला.”